जाळीची वीण शिकून विकायची आहे? आधी नमुना तुकडा, मग भाव



सुयांवरचं साधं विणकाम ज्यांना येतं, स्वेटर-टोपीच्या थोड्याफार ऑर्डरी ज्या घेतात आणि आता जाळीची वीण शिकून त्यातूनही दोन पैसे मिळवावेत असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी आजचा लेख आहे. विणकामाशी संबंध नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही. जिथे माल थोडा आणि वेळ फार लागतो, अशा कुठल्याही कामाला हा हिशेब लागू पडतो.

उदाहरण घेऊ कात्रजच्या एका ताईंचं. सुखसागरनगरला राहतात. बाळंतविड्याचे लोकरी सेट करतात: स्वेटर, टोपी, पायमोजे आणि सांगितलं तर दुपटं. हात स्वच्छ आणि वेग चांगला. अडचण एकच, काम हंगामी. घाटाच्या पायथ्याशी असल्याने कात्रजला थंडी शहरापेक्षा जरा आधी जाणवते. पण म्हणून पुण्याचा हिवाळा लांबत नाही. दिवाळीनंतर फोन सुरू होतात आणि संक्रांत झाली की बंद. बारशाच्या ऑर्डरी वर्षभर येतात, पण त्या मोजक्याच. म्हणून जाळीचे स्टोल, स्कार्फ शिकावेत असं त्यांनी ठरवलं. एसीच्या ऑफिसात मे महिन्यातही बायका खांद्यावर काहीतरी घेतात, हा त्यांचा अंदाज. अंदाज चुकीचा नाही.

आता शिकताना काय झालं ते बघू. कारण जाळीत पहिले दोन-तीन प्रयत्न जवळजवळ सगळ्यांचे सारखेच फसतात.

त्यांनी परदेशी व्हिडिओ बघून थेट मोठी त्रिकोणी शाल घातली. व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या आठ नंबरच्या सुया घ्या, यांनी घरातल्या आठ नंबरच्या घेतल्या. इथेच पहिली गफलत झाली. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीने चालतात, म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली आठ नंबरची सुई ४ मिलिमीटरची. अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की सुई जाड होते, आणि त्यांची आठ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. जाळीत एका मिलिमीटरने कापडाचं रूपच बदलतं. म्हणून व्हिडिओ कुठलाही असो, नंबर विसरा, मिलिमीटर विचारा.

दुसरी गोष्ट तक्त्याची. जाळीचे नमुने बहुतेक वेळा चौकटींच्या तक्त्यावर दिलेले असतात. तक्ता वाचायचा खालून वर. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे आणि उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. आपल्या डोळ्याला डावीकडून वाचायची सवय. त्यामुळे पहिली ओळ उलटी विणली जाते आणि दहाव्या ओळीपर्यंत काही कळत नाही. ताईंनी दहाव्या ओळीला टाके मोजले तर सात कमी. उसवलं. पुन्हा घातलं. या वेळी चार जास्त.

मोजल्यावर आकडा का जुळत नाही, हे समजलं की अर्धी जाळी आली म्हणून समजा. जाळीत दोनच हालचाली असतात. एकीत लोकर सुईवरून पुढे घ्यायची, म्हणजे भोक पडतं आणि एक नवा टाका तयार होतो. दुसरीत दोन टाके एकत्र विणायचे, म्हणजे एक टाका कमी होतो. एक वाढवा, एक घटवा. आपल्या वहीतल्या जमा-खर्चासारखंच. सरळ पट्टीच्या नमुन्यात जितकी भोकं तितकेच जोड हवेत, म्हणजे टाक्यांची बेरीज कायम राहते. त्रिकोणी शालीत मात्र दर दोन ओळींनी टाके मुद्दाम वाढवायचे असतात. त्यामुळे आकडा सतत बदलतो, आणि तो चुकून बदललाय की बदलायलाच हवा होता, हे नवशिक्याला कळत नाही. म्हणून शाल ही पहिली वस्तू नव्हे. व्हिडिओत कितीही सोपी दिसली तरी नव्हे.

मग सुरुवात कशाने करायची?

शेटलंड बेटांवरचा एक जुना नमुना आहे, इंग्रजीत त्याला फेदर अँड फॅन म्हणतात, म्हणजे पीस आणि पंखा. शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्याही उत्तरेला, समुद्रातली बेटं. हा नमुना मी सुचवतो, कारण चार ओळींपैकी एकाच ओळीत जाळी आहे, बाकी तीन साध्या.

आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया घ्या. लोकर फिकट एकरंगी. काळी किंवा रंगीबेरंगी नको, टाके दिसत नाहीत. सैल हाताने ४० टाके घाला. दोन्ही कडांचे दोन-दोन टाके नेहमी सुलट. मधले ३६, म्हणजे १८-१८ चे दोन गट. दोन गटांच्या मध्ये सुईवर रंगीत दोऱ्याची छोटी रिंग अडकवा.

पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी उलट. तिसऱ्या ओळीत प्रत्येक १८ टाक्यांसाठी असं करायचं: दोन-दोन टाके एकत्र, तीन वेळा. मग लोकर पुढे घेऊन एक सुलट, असं सहा वेळा. मग पुन्हा दोन-दोन एकत्र, तीन वेळा. चौथी ओळ उलट बाजूची असली तरी सुलट विणायची, त्याने समोर एक बारीक उठावाची रेघ येते. झाला नमुना. या चार ओळी सहा वेळा करा, म्हणजे २४ ओळी.

तिसऱ्या ओळीचा जमाखर्च करून बघा. सुरुवातीला सहा टाक्यांचे तीन झाले, मधल्या सहाचे बारा झाले, शेवटच्या सहाचे पुन्हा तीन. तीन, बारा आणि तीन, अठराच. म्हणून प्रत्येक तिसऱ्या ओळीनंतर रिंगच्या अलीकडे आणि पलीकडे मोजायचं. पूर्ण ४० मोजत बसायची गरज नाही. ज्या बाजूला १७ येतील, चूक त्याच बाजूला आहे.

बहुतेक वेळा चूक एकच असते, लोकर पुढे घ्यायची राहून गेलेली. त्यासाठी उसवू नका. चौथ्या ओळीत त्या जागी आलात की दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईने उचला आणि विणा. भोक किंचित लहान येईल, शेवटी ओलं करून ताणल्यावर फरक फारसा कळत नाही.

टाका सुटून खाली गेला तर मात्र वेगळं. साध्या विणीत सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने शिडीसारखा वर आणता येतो. जाळीत तो दोनाच्या एकात किंवा भोकात जाऊन अडकतो आणि कुठून आला ते सापडत नाही. त्यावर जगभरच्या विणकऱ्या एक उपाय वापरतात, त्याला लाइफलाइन म्हणतात. चौथी ओळ संपली की बोथट सुईत गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवायचा आणि सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून आरपार न्यायचा. रिंगमधून नाही, फक्त टाक्यांतून. दोरा तसाच ठेवून पुढे विणायचं. पुढे काही बिघडलं तर सुई काढून बिनधास्त उसवायचं. उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं आणि टाके परत सुईवर घेता येतात. दोरा कितव्या ओळीला घातला, ते वहीत लिहा. ताईंनी दोरा घालायला सुरुवात केल्यापासून रात्री अकराला सगळं उसवून झोपायचं बंद झालं.

तुकडा सुईवरून उतरला की चुरगळलेला दिसतो. घाबरू नका, ओली न केलेली जाळी अशीच दिसते. इथे तुमची लोकर खरंच लोकर आहे का, हे कळायला हवं. दुकानात लोकर म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं. वीतभर धागा पक्कडीत धरून, सिंकवर, जाळून बघा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली, तर खरी लोकर. वितळून कडक मणी झाला, तर ॲक्रिलिक.

खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात भिजवायची, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं आणि पसरून, ताणून, टाचण्या लावून वाळवायची. मुलांच्या खेळायच्या फोमच्या चटया यासाठी उत्तम. टाचण्या गंजणाऱ्या नकोत, एक डाग पडला की तुकडा गेला. ॲक्रिलिक नुसतं ओलं करून ताणलं तर पहिल्या धुण्यात पुन्हा आक्रसतं. त्याला टाचण्या लावून वरून इस्त्रीची वाफ द्यावी लागते, इस्त्री न टेकवता. टेकली तर धागा मरतो, कापड लुळं पडतं आणि ते परत येत नाही. म्हणून हा प्रयोग नमुना तुकड्यावरच करा, ग्राहकाच्या मालावर नाही. आणि जुलैत कात्रजला ओला तुकडा वाळायला दोन दिवसही लागतात, हे डिलिव्हरीची तारीख देताना धरा.

आता तुकड्याचा खरा उपयोग

नमुना तुकडा हात बसवण्यासाठी असतो, असं बहुतेक जणींना वाटतं. आपल्यासाठी, म्हणजे विकणाऱ्यांसाठी, तो भाव काढायचं साधन आहे. त्यातून तीन आकडे मिळतात: माप, वजन आणि वेळ.

समजा ताणून वाळवल्यावर तुकडा २४ सेंटिमीटर रुंद आणि ११ सेंटिमीटर लांब भरला. स्कार्फसाठी तीन गट घ्यायचे, म्हणजे ५४ आणि कडांचे ४, एकूण ५८ टाके. रुंदी सुमारे ३५ सेंटिमीटर. ३२० ओळी केल्या तर लांबी सुमारे १४७ सेंटिमीटर. चांगला स्कार्फ झाला.

वजन. गुंडा आधी आणि नंतर वजन करा. समजा ६ ग्रॅम लागले. तुकड्यात ४० गुणिले २४, म्हणजे ९६० टाके आहेत. स्कार्फमध्ये ५८ गुणिले ३२०, म्हणजे १८,५६०. जवळपास १९ पट. म्हणजे ११६ ग्रॅमच्या आसपास लोकर. इथे सावध राहा, वजनात एका ग्रॅमची चूक झाली तर ती १९ ग्रॅमची होते. स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढा बारीक दाखवत नसेल तर तुकडा मोठा विणा. आणि १५० ग्रॅम एकदमच घ्या, लेबलवरचा लॉट नंबर सारखा बघून. नंतर आणलेल्या गुंड्याचा रंग उन्नीस-बीस निघाला तर स्कार्फवर पट्टा दिसतो.

वेळ. घड्याळ लावून विणा. फोन आला, दूध उतू गेलं, ते सोडून फक्त विणण्याची मिनिटं लिहा. समजा ८० मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला १२ टाके. साध्या विणीत ताईंचा वेग मिनिटाला २५ च्या आसपास. जाळीत सुरुवातीला तो निम्मा होतो, हे अगदी नेहमीचं. १८,५६० भागिले १२, १५४७ मिनिटं. जवळजवळ २६ तास.

हा आकडा बघून ताई गप्प झाल्या. त्यांच्या डोक्यात स्कार्फचा भाव ५०० होता.

५०० कुठून आला? तर आपल्याकडे हस्तकलेच्या प्रत्येक वर्गात सांगितलं जाणारं सूत्र, मालाचा खर्च गुणिले तीन. समजा १५० ग्रॅमला १८० रुपये पडले. तिप्पट केले तर ५४०. ग्राहकासाठी ५०० केले. ठीक वाटतं ना? आता ५४० च धरा. त्यातून लोकरीचे १८० वजा करा, उरले ३६०. भागिले २६ तास. तासाला १४ रुपये सुद्धा नाहीत. तुमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या मावशी एका तासाचे किती घेतात ते विचारा आणि शेजारी लिहा.

जाड लोकरीच्या स्वेटरला तिपटीचं सूत्र कसंबसं चालून जातं, कारण तिथे माल भरपूर आणि वीण भरभर होते. जाळीत नेमकं उलटं आहे. धागा जितका बारीक, तितका माल कमी आणि तास जास्त. म्हणजे काम जितकं कठीण, तितका या सूत्राने भाव खाली येतो! माझं स्पष्ट मत आहे, जाळीच्या कामाला हे सूत्र वापरूच नका.

हे आजचं नाही. शेटलंडच्या बायका इतक्या तलम शाली विणत की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता यायची. अंगठीतून जाणाऱ्या शालीत लोकर ती किती असणार? सगळी किंमत हातांची आणि दिवसांची. पण तिथले व्यापारी अनेकदा या बायकांना रोख पैसे देतच नसत, बदल्यात चहा, कापड असला दुकानातला माल देत. १८७२ साली या पद्धतीची सरकारी चौकशी झाली आणि विणकऱ्यांनी स्वतः साक्षी दिल्या. रोख हवी असेल तर मिळालेला माल पुन्हा कुणाला तरी विकावा लागे.

आणि इतक्या लांबही जायला नको. आंध्रातल्या पश्चिम गोदावरीच्या नरसापूर भागात बायका क्रोशाची लेस करतात. ती सुयांवरची नाही, पण हिशेब तोच. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या लेस करणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं, ते १९८२ साली आलं. लेस परदेशात जात होती, निर्यातदार मोठे होत होते. आणि विणणाऱ्या बायका मात्र गृहिणीच, त्यांचं काम फावल्या वेळातलं, असं धरलं जात होतं. एकदा काम फावल्या वेळातलं ठरलं की तासाचा दर विचारायचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे ‘टीव्ही बघता बघता होतं हो’ असं ग्राहक म्हणतात आणि कधी आपणही हसून म्हणतो. विकणाऱ्या बाईने हे वाक्य तोंडातून काढू नये.

मग स्कार्फ कितीला? तासाला ६० रुपये धरले, तर २६ तासांचे १५६० आणि लोकरीचे १८०, एकूण १७४०. यात वाफ, धागे लपवणं, पॅकिंग अजून धरलेलं नाही. आता एक मोठा प्रश्न. तुमचा हात हळू चालतो, त्याचे पैसे ग्राहकाने का द्यावेत? देऊ नयेत. सराव झाल्यावर वेग समजा मिनिटाला १६ टाके झाला, तर तोच स्कार्फ १९ तास २० मिनिटांत होतो आणि हिशेब १३४० वर येतो. भाव काढायचा तो या बसलेल्या वेगावर. वरचे साडेसहा तास ही तुमची शिकण्याची गुंतवणूक. शिलाई मशीन घेताना जसे पैसे घालतो, तसे हे तास घातलेत. वहीत वेगळ्या पानावर लिहा, पहिल्या ग्राहकाच्या बिलात नको.

यंत्रावरचे स्टोल बाजारात याहून बरेच स्वस्त मिळतात, हे खरंच आहे. त्यांच्याशी भावात भांडू नका, हरणार. १३४० देणारी ग्राहक मिळेपर्यंत जाळी छोट्या जागी विका.

ताईंच्या बाबतीत हीच वेळ आली. शिकायला लागून महिना झाला नाही तोच एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. सुनेचं डोहाळजेवण तीन आठवड्यांवर आलंय, फोटोत दाखवल्यासारखी जाळीची शाल करून द्या, ॲडव्हान्स आजच पाठवते. घरात फीचा महिना. मोह होणारच. ताईंनी वही उघडली. ती शाल स्कार्फच्या दुपटीहून मोठी होती, म्हणजे या वेगाने ५० तासांच्या वर. घरचं सांभाळून रोज दोन तास धरले तर तीन आठवड्यांत ४२ तास होतात. त्यात एकदाही उसवायला जागा नाही. त्यांनी ग्राहकाला सांगितलं, “काकू, तीन आठवड्यांत शाल नीट होणार नाही. बाळासाठी दुपटं करते, दोन्ही टोकांना जाळीचा काठ घालून. फोटो पाठवते, आवडलं तर सांगा.” आणि नमुना तुकड्याचाच फोटो पाठवला.

दुपट्याचा हिशेब बघा. पाच गटांचे ९० आणि कडांचे ४, असे ९४ टाके. दोन्ही टोकांना १२-१२ ओळी, म्हणजे जाळीचे २,२५६ टाके. १२ च्या वेगाने ३ तास ८ मिनिटं. तेवढ्याच साध्या विणीला दीड तास लागला असता. जास्तीचा वेळ साधारण १ तास ४० मिनिटं, म्हणजे ६० च्या दराने १०० रुपये. नेहमीच्या दुपट्यावर १५० वाढवून सांगितले तरी ग्राहकाला जड जात नाही, आणि ताईंचा एकही तास फुकट जात नाही.

दोन सूचना इथे देतो. टाके घातलेल्या टोकाला कमानी छान उठतात, बंद केलेल्या टोकाला त्या मानाने कमी. दोन्ही टोकांचे फोटो आधीच दाखवा, म्हणजे नंतर वाद नको. बंद करताना एक नंबर जाड सुई वापरली तर फरक थोडा कमी होतो. दुसरं म्हणजे तान्ह्या बाळाच्या अंगावर मोठ्या भोकांची जाळी नको, बोटं अडकतात. पायमोज्याला आणि हातमोज्याला तर जाळी अजिबात नाही. ग्राहक मागेल तरी नाही म्हणा आणि कारण सांगा.

काकूंनी दुपटं घेतलं. शाल नंतर बघू म्हणाल्या. ताईंचा सध्या तिसरा नमुना तुकडा सुईवर आहे, याच विणीचा, पण बारीक सुती धाग्यात, कारण उन्हाळ्याच्या स्टोलला लोकर चालणार नाही. सुती धागा लोकरीसारखा ताणला जात नाही आणि दोनाचं एक करताना सुई अडते, त्यामुळे वेग पुन्हा १० वर आलाय. वहीत तोही लिहिला आहे.